बुधवारी संध्याकाळी तो कोण होता?

मामांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला. पांढऱ्या भिंती, टोकदार मनोरा. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन शहरातलं इमॅन्युएल चर्च. मी तिथे गेले होते तेव्हा रस्त्यापलीकडून काढलेला फोटो. त्या रस्त्याला जॉन कॅल्हून यांचं नाव आहे. गुलामगिरी ही समाजाच्या भल्याचीच गोष्ट आहे, असं १८३७ साली अमेरिकेच्या सिनेटमध्ये उभं राहून सांगणारा हा पुढारी, आणि त्याच्याच नावाच्या रस्त्यावर गुलामांच्या वंशजांचं हे चर्च.

१७ जून २०१५, बुधवार. चर्चच्या खालच्या मजल्यावर बायबलचा अभ्यासवर्ग चालू होता. एक अनोळखी गोरा तरुण आला. त्याला बसायला जागा दिली. तो जवळजवळ तासभर बसला आणि मग त्याने नऊ माणसांना गोळ्या घालून मारलं. त्यांत चर्चचे पाळक क्लेमेंटा पिंकनी होते. वय ४१. ते राज्याच्या सिनेटचे सदस्यही होते.

माझे मामा चाळीस वर्षं नगर जिल्ह्यात पाळक होते. मी वकील. पाळकाने राजकारणात जावं की नाही, हा आमचा वाद जुना आहे. दर वेळी कुणीतरी जेवायला हाक मारायचं आणि तो अर्धाच राहायचा. त्या रविवारी घरात आम्ही दोघंच होतो.

मामा : त्या बुधवारी तो तिथे कोण म्हणून बसला होता? पाळक म्हणून की आमदार म्हणून?

मी : पाळक म्हणून. दिवसा राजधानीत, कोलंबियाला, सिनेटच्या कामात होते. संध्याकाळी मंडळीसाठी परत आले.

मामा : म्हणजे ज्या मंडळीला दिवसा तो नव्हता, तिच्यासोबत रात्री मेला. मी त्याला नावं ठेवत नाही, बाळ. त्याच्यापुढे मी कोण? पण माझं मत तेच आहे. पाळकाने निवडणुकीला उभं राहू नये.

मी : तुमचं हे मत टेनेसी राज्याच्या घटनेत १७९६ सालीच लिहून ठेवलं होतं. पाळक हा देवाला आणि लोकांच्या आत्म्याच्या काळजीला वाहिलेला, त्या थोर कामावरून त्याचं लक्ष उडू नये, म्हणून त्याला विधिमंडळात बसता येणार नाही.

मामा : चांगलं लिहिलं होतं की.

मी : लिहिलं चांगलं, पण पुढे काय झालं ते ऐका. १९७७ साली चॅटनूगातले बाप्टिस्ट पाळक पॉल मॅकडॅनियल राज्याच्या घटना परिषदेसाठी उभे राहिले. विरोधातली उमेदवार कोर्टात गेली. हे पाळक आहेत, यांना अपात्र ठरवा. लोकांनी त्यांना निवडून दिलं, तरी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बंदी योग्यच ठरवली. शेवटी १९ एप्रिल १९७८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने रद्द केली. तोवर अशी बंदी चालवणारं ते एकच राज्य उरलं होतं. मामा, त्या कायद्याचा अर्थ असा होता की, तुला देवाची सेवा करायची तर नागरिकाचा हक्क सोड, आणि हक्क हवा तर सेवा सोड.

मामा : थांब जरा. कायद्याने बंदी घाला असं मी कधी म्हटलं? आज सरकार पाळकाला उभं राहू नको म्हणेल, उद्या कुणाला पाळक करायचं तेही तेच ठरवेल. बंदी गेली ते बरं झालं. मी म्हणतो ते पाळकाने स्वतःला विचारायचं आहे, आणि मंडळीने पाळकाला.

माझी निम्मी तयारी इथेच संपली. थॉमस जेफरसन यांनी १७८३ साली व्हर्जिनियासाठी केलेल्या घटनेच्या मसुद्यात धर्मगुरूंना वगळलं होतं, आणि जेम्स मॅडिसन यांनी त्यावर हरकत घेतली होती की, धर्मसेवा करतो म्हणून माणसाचा नागरी हक्क काढून घेणं ही शिक्षाच झाली. जेफरसन यांनी पुढे मत बदललं. मॅडिसन ज्यांच्या कॉलेजात शिकले ते जॉन विदरस्पून प्रेस्बिटेरियन पाळक, आणि १७७६च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे एकमेव सेवेतले पाळकही तेच. जॉर्जिया राज्याने पाळकांना विधिमंडळाची दारं बंद केली, तेव्हा विदरस्पून यांनी जाहीर पत्रात विचारलं होतं, दारू पिऊन आणि शिव्या देऊन ज्याचं पाळकपण काढून घेतलं गेलं, तो तरी मग निवडणुकीला पात्र ठरेल ना? याच विदरस्पून यांच्या शेतावर गुलाम राबत होते, तेही सांगायला हवं.

मामांनी हे सगळं ऐकून घेतलं. त्यांना यातलं काहीच अमान्य नव्हतं.

मी : त्याच जॉर्जियाने जानेवारी २०२१ मध्ये राफाएल वॉरनॉक यांना वॉशिंग्टनच्या सिनेटमध्ये पाठवलं. अटलांटातल्या एबेनेझर बाप्टिस्ट चर्चचे पाळक. जिथे मार्टिन ल्यूथर किंग आणि त्यांचे वडील दोघंही पाळक होते, तेच चर्च. वॉरनॉक यांनी सिनेटर झाल्यावरही व्यासपीठ सोडलेलं नाही.

मामा : रविवारी उपदेश करतात?

मी : करतात.

मामा : आणि त्या मंडळीत त्यांना मत न देणारा एखादा असेल की नाही?

मी : असेल.

मामा : त्याचं काय?

मी गप्प राहिले. मामा उठले, दार लोटून आले आणि पुन्हा बसले.

मामा : हे मी तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही. मी तेव्हा पस्तिशीचा. गावात नगरपालिकेची निवडणूक होती. एक उमेदवार म्हणाला, पाळकसाहेब, तुमच्या वस्तीला नळ देतो, मंडळीला दोन शब्द सांगा. बायका अर्ध्या मैलावरून पाणी आणायच्या. मी सांगितलं. उपासनेत, शेवटच्या आशीर्वादाच्या आधी. चार वाक्यं. तो निवडून आला, नळही आला. आजही आहे. पण मागच्या बाकावर एक म्हातारा बसायचा, तो दुसऱ्या बाजूचा. उपासनेला यायचं त्याने सोडलं नाही, पण दाराशी माझा हात हातात घेणं सोडलं. तीन वर्षांनी तो अंथरुणाला खिळला. त्याने मला बोलावलं नाही. प्रभुभोजन द्यायला त्याच्या मुलाने दुसऱ्या गावाहून पाळक आणला. मातीला मी गेलो, मागे उभा राहिलो.

मी : नळाचं पाणी त्यांच्याही घरी जात होतं ना?

मामा : जात होतं. ते पाणी त्याने प्यायलं. मला बोलावलं नाही.

वकिलाला यावर उत्तर असतं. म्हाताऱ्याने मन मोठं करायला हवं होतं, पाणी सगळ्या वस्तीला मिळालं, एका माणसाच्या रागापायी किती बायकांनी किती वर्षं डोक्यावर हंडे वाहायचे? ही उत्तरं मला आजही खरी वाटतात. पण मामांच्या चेहऱ्याकडे बघून त्यातलं एकही बोलवेना. मी फोटोकडे वळले.

मी : या मंडळीची गोष्ट तुमच्या मंडळीसारखी नाही, मामा. १८२२ साली डेन्मार्क व्हेसी या मुक्त झालेल्या गुलामाने चार्ल्स्टनमध्ये उठाव ठरवल्याचा बोभाटा झाला. त्याला आणि इतर तिसाहून अधिक जणांना फाशी दिलं. तो ज्या चर्चचा, ते जमीनदोस्त केलं. १८३४ नंतर कृष्णवर्णीयांना स्वतःचं चर्च चालवायचीच बंदी. मग ही मंडळी लपून प्रार्थना करत राहिली, ती थेट यादवी युद्ध संपेपर्यंत. १८६५ साली रिचर्ड केन हे पाळक आले आणि त्यांनी मंडळी पुन्हा उघडपणे उभी केली. १८७२ साली तेच केन अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये निवडून गेले. इमॅन्युएल चर्चचे पाळक आणि लोकप्रतिनिधी. पिंकनींच्या १४० वर्षं आधी.

मामा : दुसरा कुणी नव्हता का जायला?

मी : तेच तर सांगतेय. कोण असणार होतं? ज्यांना लिहायला शिकवणं हा गुन्हा होता, त्यांच्यातून वकील कुठून येणार, सावकार कुठून येणार? हजार माणसांपुढे उभं राहून बोलायचं कसं, दानाचा हिशेब ठेवायचा कसा, वाद झाला तर मतं मोजून मिटवायचा कसा, हे त्यांना शिकता आलं ते चर्चमध्येच. स्वतःच्या मालकीची एकच इमारत, स्वतः निवडलेला एकच पुढारी. त्या पुढाऱ्याला तुम्ही म्हणणार, तू फक्त आत्म्याचं बघ?

मामा काही बोलले नाहीत. मी त्यांना हायरम रेव्हल्स यांच्याबद्दल सांगितलं. मेथडिस्ट पाळक, अमेरिकेच्या सिनेटमधले पहिले कृष्णवर्णीय, मिसिसिपीतून, २५ फेब्रुवारी १८७०. त्यांना बसू द्यायचं की नाही यावर सिनेटमध्ये वाद झाला. सिनेटर व्हायला नऊ वर्षं नागरिक असावं लागतं, आणि विरोधकांचं म्हणणं असं की, १८५७च्या ड्रेड स्कॉट निकालाप्रमाणे कृष्णवर्णीय नागरिकच नव्हते, मग याची नऊ वर्षं भरली कुठून? ४८ विरुद्ध ८ मतांनी रेव्हल्स आत गेले. ते जन्मापासून स्वतंत्र होते.

मामा : आत जाऊन काय केलं?

मी : वर्षभरच मिळालं. राजधानीतल्या शाळांत काळी-गोरी मुलं वेगळी बसवू नका म्हणून बोलले. आणि बंड करून हरलेल्या गोऱ्यांना माफी द्या, त्यांचे हक्क परत करा, असंही बोलले.

मामा : माफी द्या म्हणाले?

मी : हो.

मामा : हे पाळकाचं बोलणं झालं. मग पुढे?

मी : कॉलेजचे प्रमुख झाले, चर्चचं काम करत राहिले. १९०१ साली मिसिसिपीतच चर्चच्या परिषदेला गेले असताना वारले.

मामा : म्हणजे परत आले. सगळे येत नाहीत, बाळ. हार्लेमच्या त्या पॉवेलचं तूच मला एकदा वाचून दाखवलं होतंस.

ॲडम क्लेटन पॉवेल. न्यूयॉर्कच्या ॲबिसिनियन बाप्टिस्ट चर्चचे पाळक, १९४५ ते १९७१ काँग्रेसमध्ये. माझ्या बाजूचा सगळ्यात भक्कम आणि सगळ्यात अडचणीचा माणूस. ज्या संस्था वंशभेद पाळतात त्यांना सरकारी पैसा मिळू नये, ही दुरुस्ती ते वर्षानुवर्षं प्रत्येक विधेयकाला जोडू पाहत. स्वपक्षाचे लोक वैतागायचे. १९६४च्या नागरी हक्क कायद्यात तेच तत्त्व कलम होऊन बसलं. १९६१ पासून ते शिक्षण आणि कामगार समितीचे अध्यक्ष होते. किमान वेतन, गरीब मुलांच्या शाळांना मदत, असे कितीतरी कायदे त्या समितीतून पुढे गेले. आणि हेच पॉवेल सरकारी पैशाने परदेशी सहली करत, मतदानाला गैरहजर राहत. १९६७ साली सभागृहाने त्यांना बसू दिलं नाही. हार्लेमने त्यांना पुन्हा निवडून दिलं. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने सभागृहाची ती कृती चुकीची ठरवली. मामांच्या मनात मात्र यातलं काहीच नव्हतं.

मामा : १९६० साली त्याने किंगला काय धमकी दिली होती?

मी : पक्षाच्या अधिवेशनाबाहेर निदर्शनं करू नका, नाहीतर तुमच्याबद्दल आणि तुमच्या सहकाऱ्याबद्दल नको ते पसरवीन. खोटं होतं ते. किंग यांना त्या सहकाऱ्यापासून, बेयर्ड रस्टिन यांच्यापासून, दूर व्हावं लागलं.

मामा : एका पाळकाने दुसऱ्या पाळकाला. कशासाठी? पक्षातल्या वजनासाठी. सहलींचा पैसा मी सोडून देईन, माणूस चुकतो. पण हे त्या खुर्चीने शिकवलं. आणि ज्याला धमकी दिली तो कधी उभा राहिला का निवडणुकीला?

मी : नाही. १९६७ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहा म्हणून लोक मागे लागले होते. किंग नाही म्हणाले.

मामा : मग?

हा त्यांचा हुकमाचा पत्ता होता. मला वाटतं, त्याचं उत्तर आहे. किंग बाहेरून दार ठोठावू शकले, कारण आत पॉवेल यांच्यासारखे कायद्याचा मसुदा हातात धरून बसलेले लोक होते. त्या दोघांचं एकमेकांवर प्रेम नव्हतं, पण काम एकाचं दुसऱ्याशिवाय पुरं होणारं नव्हतं. मी ते बोलले. मामांनी मान हलवली. पटलं म्हणून की ऐकलं म्हणून, ते कळलं नाही.

मी : आणि पाळकाने राजकारणात पडू नये, हे कोण कुणाला सांगतं तेही बघा. मार्च १९६५. सेल्माहून नागरी हक्कांचा मोर्चा निघायचा होता. तेव्हा व्हर्जिनियातले पाळक जेरी फॉलवेल यांनी प्रवचन केलं की, उपदेशकाचं काम आत्मे जिंकणं, मोर्चे काढणं नव्हे. १९७९ साली त्याच फॉलवेल यांनी मॉरल मेजॉरिटी ही राजकीय संघटना काढली. आधीचं प्रवचन मागे घेतलं. दुसऱ्याचा मोर्चा असला की ते राजकारण, आणि आपला असला की तो धर्म.

मामा : ते खरं आहे. पण तो माणूस लबाड निघाला म्हणून ते प्रवचन खोटं ठरत नाही.

यावर आम्ही दोघंही थोडा वेळ थांबलो. मला त्यांचं हे वाक्य अजून टोचतं.

मग मामांनी फादर रॉबर्ट ड्रायनन यांचं नाव काढलं. मला आश्चर्य वाटलं, कारण ते कॅथलिक, जेझुइट, आणि मामा आपल्या मंडळीबाहेरची उदाहरणं क्वचित देतात. ड्रायनन १९७१ ते १९८१ मॅसॅच्युसेट्समधून काँग्रेसमध्ये होते. व्हिएतनाम युद्धाचे कट्टर विरोधक. कंबोडियावर लपूनछपून केलेल्या बॉम्बहल्ल्यांवरून जुलै १९७३ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यावर महाभियोगाचा ठराव मांडणारे तेच. गर्भपाताला सरकारी पैसा देण्याच्या बाजूने ते मत देत, त्यावरून कॅथलिक लोकच त्यांच्यावर रागावलेले. १९८० साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी फादर लोकांना अशा पदांवरून दूर व्हायला सांगितलं. ड्रायनन यांनी पुन्हा उमेदवारी केली नाही.

मामा : त्याने ऐकलं. मनाविरुद्ध ऐकलं. मला तो आवडतो.

मी : आणि ज्या मतदारांनी त्यांना पाच वेळा निवडून दिलं, त्यांचं म्हणणं रोमने विचारलं का? टेनेसीत सरकारने पाळकाला अडवलं, इथे चर्चने मतदारांना अडवलं. तुम्हाला पहिलं खटकतं, दुसरं नाही?

मामा : मंडळी आपल्या सेवकाला हाक मारू शकते.

मी : ती मंडळीची हाक नव्हती, मामा. वरचा हुकूम होता.

मामा हसले. मंडळीने चालवायच्या चर्चमध्ये आयुष्य गेलेला माणूस हुकूम या शब्दावर अडणारच.

मी : आता आपल्याकडचं सांगते. १८१३ साली अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, १८३१ साली नगरला आले. कुठून?

मामा : बोस्टनहून. हे काय विचारतेस?

मी : बोस्टन ज्या राज्यात आहे, त्या मॅसॅच्युसेट्समध्ये १८३३ पर्यंत चर्चसाठी सरकारी कर होता. आपले मिशनरी ज्या पंथाचे, बहुतेक ठिकाणी त्याच पंथाच्या पाळकांचा पगार त्यातून जायचा. बाप्टिस्टांनाही भरावा लागायचा, नाहीतर सूट मिळवायला दाखले आणत फिरावं लागायचं.

मामा : हे मला ठाऊक नव्हतं.

त्यांनी ते दोनदा म्हटलं. मग मी त्यांना जॉन लेलंड यांची गोष्ट सांगितली, आणि ती त्यांना मनापासून आवडली. चेशायर या मॅसॅच्युसेट्समधल्या खेड्याचे बाप्टिस्ट पाळक. गावातल्या गोठ्यांचं दूध एकत्र करून त्यांच्या लोकांनी १,२३५ पौंडांचं, म्हणजे जवळपास ५६० किलोचं चीज केलं, आणि लेलंड ते घेऊन जेफरसन यांना भेट द्यायला वॉशिंग्टनला गेले. १ जानेवारी १८०२. का? तर हा राष्ट्राध्यक्ष धर्माच्या स्वातंत्र्याच्या बाजूचा म्हणून. त्याच दिवशी जेफरसन यांनी डॅनबरीच्या बाप्टिस्टांना पत्र लिहिलं, ज्यातली चर्च आणि राज्य यांच्यामधली भिंत आजही कोर्टात दाखवली जाते. आणि १८११ साली लेलंड स्वतः मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळात निवडून गेले.

मी : कशाला गेले असतील? सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, हे सांगायला. ते सांगायलाही आत जावं लागलं.

मामा : काम झाल्यावर राहिले का तिथेच?

मी : नाही. उपदेश करत राहिले, अगदी म्हातारपणापर्यंत.

मामा : मग लेलंडला मी मत दिलं असतं.

मी : पिंकनींना?

त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. मी त्यांना मे २०१५ मधलं पिंकनींचं सिनेटमधलं भाषण सांगितलं. त्याच्या महिनाभर आधी नॉर्थ चार्ल्स्टनमध्ये एका पोलिसाने पळणाऱ्या निःशस्त्र कृष्णवर्णीय माणसाला पाठीत गोळ्या घातल्या होत्या, आणि वाटेने जाणाऱ्या एकाने ते चित्रित केलं म्हणून सत्य बाहेर आलं. पोलिसांच्या अंगावर कॅमेरे लावण्याचं विधेयक सिनेटपुढे होतं. पिंकनी उठले आणि थोमाबद्दल बोलले. प्रभू उठला हे इतर शिष्यांनी सांगितलं, तरी जखमा पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणारा तो थोमा. आपल्यातल्या कितीतरी जणांनाही, पोलीस असं करेल हे खरं वाटलं नव्हतं, चित्रफीत पाहीपर्यंत. जूनमध्ये तो कायदा झाला. त्यानंतर आठवडाभरातच तो बुधवार आला.

मामा : थोमाला प्रभू रागावला नव्हता. जखमा पुढे केल्या, हात लाव म्हणाला.

मी : तेच ते सिनेटला सांगत होते.

मामा : हं.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं.

मामा : त्या संध्याकाळी कोणता भाग वाचत होते?

मी : मार्क, अध्याय चौथा. पेरणाऱ्याचा दाखला.

मामा : पुढच्या बुधवारी अभ्यासवर्ग झाला?

मी : झाला. त्याच खोलीत. दीडशेच्या आसपास माणसं आली.

मामा : आणि सिनेटमधली जागा?

मी : पोटनिवडणूक ऑक्टोबरमध्ये झाली.

मामा : चार महिने. मंडळीने आठवडाच घेतला.

मी : पण मामा, राजधानीच्या आवारात गुलामगिरीसाठी लढलेल्यांचा झेंडा फडकत होता. तो १० जुलैला उतरवला. मंडळीने नाही उतरवला. विधिमंडळाने मतदान करून उतरवला.

मामा : तेव्हा त्याच्या जागेवर कोण होतं?

मी : कुणीच नाही. हत्येच्या दुसऱ्या दिवशी सिनेट भरलं, तेव्हा त्यांच्या मेजावर काळं कापड घातलं होतं.

मामांनी फोटो पुन्हा उचलला आणि खिडकीशी गेले. उजेड कमी झाला होता. त्यांनी चष्मा पुसला, आणि मनोऱ्याखालच्या दारावर बोट ठेवून विचारलं, अभ्यासवर्गाला येणारी माणसं याच दाराने आत येतात का.